काट्यावरची उडी : बास्केटबॉलमधला जोर लोडसेलनं मोजताना

काटेवाला_भोसरी
मंडळी, नमस्कार. धंद्यानं मी वजनकाटेवाला. प्लॅटफॉर्म काटे, टाकीखालचे लोडसेल, ट्रक मोजणारे वे-ब्रिज हा आपला प्रांत. लेक क्लबात बास्केटबॉल खेळते. तिच्या कोचसरांनी विचारलं, "तुमच्याकडे टनावारी काटे पडलेत, आमच्या पोरी उडी मारताना जमिनीला किती रेटा देतात तेवढं मोजून द्या की." मी म्हटलं, देतो. त्यात जो काही गुंतलो त्याची ही कैफियत. जाणकारांनी भर घालावी, अजाणकारांनीही घालावी.

दुकानातला काटा या कामाला चालत नाही. लोडसेल वाईट म्हणून नव्हे, लोडसेल तोच असतो. धातूचा ठोकळा, त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज (ताण ओळखणाऱ्या पातळ पट्ट्या). वजन पडलं की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, गेजचा रोध किंचित बदलतो आणि व्हीटस्टन ब्रिजमधून (चार रोधांच्या जोडणीतून) काही मिलिव्होल्ट बाहेर येतात. (हे चिकटवायचे गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी आपापल्या जागी स्वतंत्रपणे काढले.) चालत नाही तो इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा. त्याची सगळी घडणच अशी की पोत्याला हमाल टेकला, डोक्यावर पंखा सुरू असला, ट्रकचं इंजिन धडधडत असलं तरी आकडा हलता कामा नये. तो सरासऱ्या काढत बसतो. त्यानं जे पुसून टाकलं, नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

समजा, ६० किलोची खेळाडू लोडसेलवर ठेवलेल्या प्लेटवर शांत उभी आहे. आकडा साधारण ५८९ न्यूटन. हात कमरेवर, झटकन गुडघ्यात वाकून वर उडी. ती वाकायला लागते तेव्हा जोर वाढत नाही, कमी होतो, कधीकधी निम्म्याखाली जातो. कोचसर इथेच अडले, "वजन घटलं कसं?" घटलं नाही, तिनं अंग खाली पडू दिलंय, एवढंच. मग ते पडणं थांबवायला ब्रेक लागतो, आलेख उसळून वजनाच्या दुप्पट-सव्वादोनपट जातो, तिथून वर रेटणं, आणि पाय सुटले की सरळ शून्य. तो शून्याचा सपाट पट्टा म्हणजे हवेतला वेळ. मग उतरतानाचा सुळका, उंच आणि अरुंद.

ज्याला त्याला हवा असतो तो सुळका. "किती किलो?" माझं म्हणणं असं की आख्ख्या आलेखात सगळ्यात कमी उपयोगाचा आणि मोजायला सगळ्यात नाठाळ आकडा तोच. उडी किती गेली हे ठरतं वजनावरचा जास्तीचा जोर किती वेळ लावला यावर, म्हणजे आलेखाखालच्या क्षेत्रफळावर. ३५ सेंटिमीटर उडायचं तर जमीन सोडताना २.६२ मीटर प्रति सेकंद वेग लागतो. ६० किलोला हा वेग द्यायचा तर निव्वळ इम्पल्स (जोर गुणिले वेळ) १५७ न्यूटन-सेकंद. हा १५७ चा हिशोब एखादी थोडक्या वेळात मोठा जोर लावून चुकता करते, एखादी सावकाश. उंची दोघींची तीच. रिबाउंडला (हुकून परतलेला चेंडू पकडायला) मात्र सावकाशीनं उडणारीच्या हाताशी चेंडू लागत नाही.

आता सामान. ऑनलाइन मिळणारे बाथरूम काट्याचे ५० किलोवाले चार सेल आणि एचएक्स७११ ची चिप, असं पुष्कळ पोरं प्रोजेक्टला करतात. ती चिप २४ बिटची आहे, छान आहे, पण तिचा वेग सेकंदाला १० किंवा ८० नमुने. ८० म्हणजे दर साडेबारा मिलिसेकंदांनी एक. उतरतानाचा सुळका एवढ्या वेळात येऊन जातोसुद्धा. शिवाय चार सेलची मिळून क्षमता २०० किलो, आणि ६० किलोची मुलगी जोरात उतरली तर ३०० किलोच्या वर सहज जाईल. सेल कायमचा वाकडा.

मी घेतले ५०० किलोचे शीअर-बीम सेल, प्लॅटफॉर्म काट्यात बसतात तेच. ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या दोन प्लेटा, १२ मिलिमीटर एमएस (साधं पोलाद), प्रत्येकीखाली चार सेल. डाव्या पायाला एक, उजव्याला एक. चार सेल जंक्शन बॉक्समध्ये जोडले की क्षमता २ टन आणि सिग्नल किती, तर १० व्होल्ट पुरवठ्यावर २ टनाला २० मिलिव्होल्ट. म्हणजे एका किलोला १० मायक्रोव्होल्ट! जवळ कुणी वेल्डिंग सुरू केलं की आलेखावर शेवया, म्हणजे नुसती खरखर. एडीसी (व्होल्टचा आकडा करणारी चिप) मात्र वेगळा घेतला, सेकंदाला १००० नमुने घेणारा.

प्रश्न विचारा. शिव्याही चालतील.

बाल्कनीतून
काका, आमच्या हिला काट्यावर उभं राहायला सांगितलं तर ती उडी मारून पळते. त्याचा आलेख मिळेल का?

(वाचतोय. भारी धागा.)

शिट्टीवाले_सर
मी शाळेच्या मुलींना शिकवतो, गेली बरीच वर्षं. काटेवाले, तुमचं कौतुक आहे, पण स्पष्ट बोलतो. उडीचा आकडा काढून भिंतीला चिकटवला की पोरी आकड्यासाठी उडतात, चेंडूसाठी नाही. रिबाउंडला अर्धं काम बॉक्स-आउटचं. पार्श्वभाग लावून जागा धरता आली की बुटकी पोरगीही चेंडू घेऊन जाते. त्या ढकलाढकलीचा जोर तुमच्या प्लेटवर दिसतो का?

शिवाय आमच्याकडे भिंतीला खडू लावायची पद्धत आहे. बोटाला खडू, उभं राहून एक खूण, उडून दुसरी. काय वाईट आहे?

काटेवाला_भोसरी
सर, खडू अजिबात वाईट नाही. सार्जंट नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ही उभ्या उडीची परीक्षा १९२१ मध्येच छापली होती, शंभर वर्षं टिकली आहे. पण खडू फक्त शेवट सांगतो. आणि पहिली खूण करताना खांदा चोरला की दोन-तीन सेंटिमीटर फुकट मिळतात, हे तुमच्या पोरींना तुमच्याआधी कळलेलं असेल.

बॉक्स-आउटचं बरोबर आहे. तो रेटा आडवा असतो आणि माझ्या प्लेटा फक्त उभा जोर मोजतात. आडव्यासाठी तीन अक्षांची प्लेट लागते, ती माझ्या आवाक्याबाहेर. किस्लर या स्विस कंपनीनं १९६९ मध्ये क्वार्ट्झवाली प्लेट बाजारात आणली, तिथपासून प्रयोगशाळांत ती दिसते. क्वार्ट्झ दाबला की विद्युतभार तयार होतो, प्रतिसाद अतिशय जलद. पण तो भार हळूहळू गळतो, म्हणून माणूस तासभर उभा केला तर आकडा सरकत जातो. स्ट्रेन गेज उलट, उभ्या माणसाला इमानदारीत तोलतो पण जरा सुस्त.

खुसपट_शास्त्री
खुसपट काढतो, राग नसावा.

१. प्लेट स्नायूचा जोर मोजत नाही. जमीन पायाला उलट किती रेटते तेवढंच मोजते. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर किती ताण आला हे त्यावरून थेट कळत नाही. "पायात इतकी ताकद" हे वाक्य कोचसरांना बोलू देऊ नका.

२. हवेतल्या वेळावरून उंची काढता ना? सूत्र सोपं आहे, गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग भागिले ८. अर्ध्या सेकंदाला ३०.७ सेंटिमीटर, ०.६ ला ४४, ०.७ ला ६०. (यावरून अवांतर: अमुक खेळाडू "दोन सेकंद हवेत तरंगतो" म्हणणाऱ्यांसाठी, एका सेकंदाला १ मीटर २३ सेंटिमीटर लागतात. दोन सेकंदांना ४ मीटर ९०, म्हणजे तो रिंगच्या वरून निघून जाईल.) पण हे सूत्र धरून चालतं की उडताना आणि उतरताना शरीर एकाच ठेवणीत आहे. पोरगी गुडघे दुमडून उतरली की पाय उशिरा टेकतात. ३५ सेंटिमीटर उडालेली खेळाडू शरीराचा मध्य १० सेंटिमीटर खाली ठेवून उतरली तर सूत्र तिला ४० देईल. पाच सेंटिमीटर लबाडीचे.

३. नमुन्यांचा वेग. ८० च्या चिपवर एका नमुन्याची चूक म्हणजे उंचीत दीड सेंटिमीटरहून जास्त. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये अर्धा सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या त्या प्रोजेक्टवाल्या पोरांपेक्षा मोबाइल बरा!

काटेवाला_भोसरी
शास्त्रीबुवा, राग कसला. दुसऱ्या मुद्द्यासाठीच मी उंची हवेतल्या वेळावरून काढत नाही, इम्पल्सवरून काढतो. तिथे गुडघे दुमडून काही मिळत नाही, कारण हिशोब पाय सुटायच्या आधीच संपलेला असतो. पण त्याची अट कडक आहे. उडीआधी एक-दोन सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. त्या वेळचं सरासरी वजन हाच पाया, तो अर्ध्या किलोनं चुकला तरी उंची भरकटते. चौदा वर्षांच्या पोरीला दोन सेकंद स्थिर उभं करणं हे या सगळ्या प्रकल्पातलं खरं अवघड काम आहे.

आणि एक ताळा आहे, तो मला फार आवडतो. शांत उभं राहण्यापासून उडी, उतरणं, पुन्हा शांत उभं राहणं, या सगळ्या वेळातल्या जोराची सरासरी काढली तर ती बरोबर तिच्या वजनाइतकी आली पाहिजे. कितीही उंच उडा, कितीही धाडकन उतरा. शेवटी वेग शून्य, सुरुवातीला वेग शून्य, मग निव्वळ इम्पल्स शून्यच. सरासरी जुळली नाही तर कुठेतरी सुळका कापला गेलाय किंवा शून्य सरकलंय. बाहेरून कुणाचं सर्टिफिकेट लागत नाही.

स्थिर कॅलिब्रेशन नेहमीसारखंच. वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेली २० किलोची वजनं, आधी मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांवर. कोपरा चुकत असेल तर जंक्शन बॉक्समध्ये ट्रिम करायचा. पोरी काही मध्यभागीच उतरत नाहीत.

शिकागोचा_मामा
धागा मस्त. इकडची थोडी भर.

एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) खेळाडूंना प्लेटवर उतरवून केलेला एक जुना अभ्यास आहे, १९९४ मध्ये छापलेला. आयरीन मॅकले आणि सहकारी, ५ संघांतले २४ खेळाडू. ले-अप (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकणं) करून उतरताना सरासरी कमाल जोर शरीराच्या वजनाच्या जवळपास ९ पट आला होता. १०० किलोचा गडी म्हणजे ९०० किलोच्या घरात, क्षणभर का होईना. काटेवाल्यांचे ५०० किलोचे सेल ऐकून मला आधी हसू आलं होतं, हा आकडा आठवल्यावर थांबलं.

आता बहुतेक संघांकडे स्वतःच्या प्लेटा असतात. सांता बार्बराला पी-थ्री नावाची संस्था आहे, मार्कस एलियट या डॉक्टरची, २००६ पासूनची. एनबीएत येऊ घातलेली पोरं तिथे प्लेटांवर आणि कॅमेऱ्यांपुढे उड्या मारतात. मात्र सामन्यात अंगावर सेन्सर घालायला बंदी आहे. २०१६ मध्ये क्लीव्हलँडचा डेलावेडोव्हा मनगटावर व्हूप कंपनीचा, शरीराची नोंद ठेवणारा पट्टा लावून खेळला, लीगनं तो काढायला लावला. २०१७ च्या करारात तर लिहूनच टाकलं की असे सेन्सर सरावात, तेही खेळाडूच्या मर्जीनं, आणि त्यातली माहिती पगाराच्या वाटाघाटीत वापरायची नाही.

जाता जाता गंमत. डॅलस संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांच्या कंपनीनं २०१३ मध्ये एका विद्यापीठाला एक लाख डॉलरहून जास्त पैसे दिले, कशासाठी? तर खेळाडूला खरंच धक्का लागून तो पडला की नाटक केलं, हे जोर मोजून सांगता येतं का ते बघायला.

बाल्कनीतून
आमच्या ऑफिसात लावा ती प्लेट. अप्रेझलच्या महिन्यात.

सांधेदुखी_विशारद
फिजिओ आहे, मुख्यतः शाळा-कॉलेजच्या खेळाडूंचे गुडघे बघते. थोडं लांब लिहिते.

काटेवालेकाका, सुळक्याबद्दल तुमच्याशी अर्धी सहमत. सुळक्याची उंची एकटी निरुपयोगी, हे खरं. पण तो किती लवकर चढला हे मला हवं असतं. कुणाचा धक्का न लागता होणाऱ्या एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या) दुखापती व्हिडिओवरून तपासल्या गेल्यात, त्यात लिगामेंट पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत जातं असं दिसलं. पापणी लवायच्याही आत. साडेबारा मिलिसेकंदांच्या चिपला त्यात तीन ठिपके मिळतील. तुमच्या १००० वाल्याला चाळीस.

पण म्हणून प्लेटवरून "हिचा गुडघा जाणार" असं भविष्य सांगता येईल का? नाही. २००५ मध्ये हेवेट आणि सहकाऱ्यांनी २०५ मुलींवर केलेल्या अभ्यासात, उतरताना गुडघा आत वळवणारा मोमेंट (वळवणारा जोर) ज्यांच्यात जास्त होता त्यांना दुखापत जास्त झाली होती. सगळ्यांनी ते उचलून धरलं. पुढे २०१६ मध्ये नॉर्वेत ७०० हून जास्त हँडबॉल-फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर तसंच तपासलं, तेव्हा त्यावरून कुणाला दुखापत होईल हे ओळखता आलं नाही. आणि गुडघा आत वळतो ते तुमच्या उभ्या जोराच्या प्लेटवर दिसतच नाही. समोर मोबाइल लावून शूटिंग करा, ते जास्त सांगेल.

मग तुमच्या दोन प्लेटा मला कशाला हव्यात? दुखापतीनंतर. मुलगी म्हणते "आता काही दुखत नाही", आई म्हणते "पुढच्या आठवड्यात राज्य निवड आहे", आणि उडीची उंची पूर्वीइतकी आलेली असते. दोन प्लेटांवर उभं केलं की दिसतं, उडताना दोन्ही पाय जवळपास सारखे, पण उतरताना चांगल्या पायावर भार ढकलतेय. डोळ्याला नाही दिसत ते, मी इतकी वर्षं बघूनही मला नाही दिसत. तिला स्वतःलाही माहीत नसतं. तो आलेख आईला दाखवला की वाद मिटतो.

शिट्टीवाले_सर
ताई, हे पटलं. हे मला माझ्या पोरींसाठी हवंय. उडीचा आकडा नको.

जुगाडू_नाशिककर
एवढा लोखंडाचा पसारा कशाला? बुटात एफएसआर टाका की, दाबला की रोध बदलणारा सेन्सर. पातळ चकती, शंभर-दोनशे रुपयांचा खेळ, ब्लूटूथ लावा, खेळतानाच मोजा. किंवा कमरेला ॲक्सिलरोमीटर. त्वरण गुणिले वस्तुमान, न्यूटन बाबाचा आशीर्वाद.

काटेवाला_भोसरी
जुगाडूशेठ, एफएसआर मी वापरून बघितलेत. टाच टेकली की नाही हे सांगायला उत्तम. किती जोरात टेकली हे विचारू नका. दाबत जाताना एक आकडा, सोडत येताना त्याच जोराला दुसरा, आणि घामानं-उष्णतेनं तिसराच. शिवाय चकतीच्या बाहेर पडलेला भार तिला कळत नाही. प्रयोगशाळांत जे दाब मोजणारे इनसोल असतात त्यात शेकडो छोटे सेन्सर पसरलेले असतात, किंमतही तशीच.

ॲक्सिलरोमीटरचं शास्त्रीबुवा सांगतील.

खुसपट_शास्त्री
सांगतो. हौशी लोक वापरतात ती एमपीयू६०५० ची चिप जास्तीत जास्त १६ जी (गुरुत्वत्वरणाच्या १६ पट) मोजते. नडगीवर बांधून सिमेंटवर उतरलात तर त्याच्या वर जाण्याची पुरेपूर शक्यता, मग आलेखाचा माथा करवतीनं कापल्यासारखा सपाट. २०० जी पर्यंतच्या चिपा मिळतात, एडीएक्सएल३७५ सारख्या, पण मूळ अडचण वेगळीच आहे. नडगीचं त्वरण म्हणजे शरीराचं नव्हे. नडगी थांबली तेव्हा मांडी, धड, डोकं अजून खाली येतायत. त्याला पूर्ण वस्तुमानानं गुणलं तर जोर भलताच फुगतो. कमरेला बांधा तर पट्टा सैल असतो, पट्ट्याचंच हिंदकळणं मोजाल.

त्याचा उपयोग मोजणीला आहे. सरावात किती उड्या झाल्या, किती वेळा धाडकन उतरली. तो हिशोब प्लेट देऊ शकत नाही, कारण कोर्टभर प्लेटा टाकता येत नाहीत.

नुसता_बघ्या
मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण फ्री थ्रोला किती जोर लागतो ते कुणी सांगेल का? टीव्हीवर दमलेले वाटतात.

खुसपट_शास्त्री
कागदावर काढू. चेंडू साधारण ६०० ग्रॅम. रिंग ३.०५ मीटर उंच, तिचा मध्य रेषेपासून ४.२ मीटरच्या आसपास. २.१ मीटर उंचीवरून ५२ अंशांत सोडला तर वेग लागतो सुमारे ७.२ मीटर प्रति सेकंद. म्हणजे इम्पल्स फक्त ४.३ न्यूटन-सेकंद. हात पाव सेकंद चेंडूला रेटत असतील तर सरासरी जोर १७ न्यूटन, अधिक चेंडूचं वजन ६. सगळा मिळून अडीच किलोसुद्धा नाही. दमलेले दिसतात ते पायानं, आणि जोर कमी पडतो तोही पायातून.

डंकप्रेमी_सोलापूर
रिंगबद्दल कुणीच बोललं नाही? जोर मोजायचा तर खरा तिथे.

पूर्वी रिंग पक्की असायची. नोव्हेंबर १९७९ मध्ये कॅन्सस सिटीत डॅरिल डॉकिन्सनं डंक मारला (उडून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला) आणि काचेच्या बोर्डाचा चुरा, महिन्याच्या आत फिलाडेल्फियात पुन्हा तेच. तोवर इलिनॉयमधल्या धान्याच्या कोठारावर काम करणारे आर्थर एह्रट नावाचे गृहस्थ यावर उपाय करून बसले होते. भाचा कॉलेजात बास्केटबॉल शिकवायचा, त्याचं रडगाणं ऐकून त्यांनी शेतीच्या अवजाराची, जॉन डिअरची, जाड स्प्रिंग रिंगमागे बसवली. जास्त लटकलात की रिंग झुकते, सोडलं की जागेवर. १९८२ मध्ये पेटंट मिळालं.

फिबाचा (जागतिक बास्केटबॉल महासंघाचा) नियम आजही मोजमापातच आहे. रिंगच्या बोर्डापासून सगळ्यात लांबच्या टोकावर उभा स्थिर भार टाकायचा, ८२ किलोच्या आत ती सुटता कामा नये आणि १०५ पर्यंत सुटलीच पाहिजे. सुटल्यावर १० ते ३० अंश झुकायला हवी.

काटेवाला_भोसरी
वा! हे तर आपल्या धंद्यातलं काम. एस-टाइप लोडसेल, वर रिंगला हूक, खाली रॅचेटचा पट्टा जमिनीतल्या कड्याला, हळूहळू ताणत जायचं. पीक-होल्डवाला (कमाल आकडा धरून ठेवणारा) साधा इंडिकेटर पुरतो, कारण भार स्थिर आहे. आमच्या क्लबात रिंग तपासली पाहिजे. मला शंका आहे की ती कधीच सुटत नाही, स्प्रिंग गंजून बसलीय.

शिट्टीवाले_सर
आमच्याकडे स्प्रिंगच नाही. एका ठिकाणी तर रिंग खांबाला थेट वेल्ड केलेली. नाव घेत नाही.

सिमेंटकाँक्रीट
सिव्हिलवाला. इतका वेळ सगळे खेळाडूचा जोर मोजताय, जमिनीचं कुणी विचारलं नाही.

इनडोअर कोर्टाची फरशी किती धक्का खाते हे मोजायचं युरोपात ठरलेलं यंत्र आहे, त्याला कृत्रिम खेळाडू म्हणतात. २० किलोचं वजन ५५ मिलिमीटरवरून एका ताठ स्प्रिंगवर पडतं, स्प्रिंगखाली जोराचा सेन्सर. काँक्रीटवर त्याचा सुळका साधारण ६.६ किलोन्यूटन येतो. मग तेच लाकडी फरशीवर टाकायचं, आणि काँक्रीटच्या तुलनेत किती टक्के कमी आला ते लिहायचं. युरोपीय मानकात हा आकडा २५ ते ७५ टक्क्यांत हवा.

आता मजा बघा. या मोजपट्टीचं शून्य म्हणजे काँक्रीट. आपल्या शाळांची, सोसायट्यांची, बहुतेक क्लबांची कोर्टं काँक्रीटची, वर रंगाचा हात. म्हणजे आपल्या पोरी व्याख्येनुसारच शून्य टक्क्यांवर उड्या मारतायत. काटेवाल्यांची १२ मिलिमीटर एमएस प्लेट काय वेगळी आहे त्याहून?

काटेवाला_भोसरी
प्लेट ताठच हवी, नाहीतर ती स्वतःच थरथरते आणि मोजमापात मिसळते. रिकाम्या प्लेटवर रबरी हातोडी मारली तर माझी दीडशे-दोनशे हर्ट्झला वाजते. म्हणून सुळक्यावर मी फार विश्वास टाकत नाही, आणि म्हणूनच तो आकडा कोचसरांना अजून दिलेला नाही. पण तुमचं म्हणणं लागलं. वर अर्धा इंच रबर मॅट टाकून आणि न टाकता, दोन्ही करून बघायला हवं.

सांधेदुखी_विशारद
मॅट टाकलीत तर ती बुटासकट विचारात घ्या. आणि मुलींच्या उतरण्याची पद्धत मॅटवर बदलते, मऊ लागलं की त्या गुडघे कमी वाकवतात. सुळका तेवढाच राहू शकतो. मॅटवर पहिल्या दोन-तीन उड्या सोडून द्या, मग मोजा.

आई_बेंचवरची
मी एका खेळाडूची आई. काका, आमच्या क्लबात असं मोजलं तर तो आकडा निवड समितीला देता येईल का? उंचीमुळे मुलगी मागे पडते, पण उडी तिची सगळ्यांत जास्त आहे. कागदावर असेल तर कोणी नाकारणार नाही.

शिट्टीवाले_सर
ताई, तुमची कळकळ समजते. पण आज तुमच्या मुलीचा आकडा चांगला म्हणून द्याल, उद्या दुसरीचा डावा पाय कमी भार घेतो हे कागदावर आलं की तिला त्याच कागदानं घरी बसवतील. मामांनी वर लिहिलंय ना, तिकडे कोट्यधीश खेळाडूंनी करारात लिहून घेतलं की हे आकडे वाटाघाटीत येणार नाहीत. आमच्या चौदा वर्षांच्या पोरींच्या बाजूनं कोण करार करणार?

आई_बेंचवरची
मग मोजायचंच कशाला? एकीकडे म्हणता आकडा खरा, दुसरीकडे म्हणता कुणाला दाखवू नका.

काटेवाला_भोसरी
ताई, दाखवायचा की. मुलीला, तुम्हाला, कोचसरांना, आणि पाय दुखला तर फिजिओताईंना. आमच्या क्लबात असं ठरवलंय की नाव असलेली फाइल मुलीच्या घरीच जाईल, माझ्या लॅपटॉपवर फक्त क्रमांक. आणि एका मुलीची दुसरीशी तुलना मी छापून देणार नाही, तिची तिच्याच मागच्या महिन्याशी देईन. उडी जास्त असेल तर निवडीच्या दिवशी मैदानावर ती दिसेलच, त्याला माझ्या काट्याची साक्ष नको.

जुगाडू_नाशिककर
बरं ते जाऊ दे. एडीसी कुठला घेतलात सांगा, मी बनवणार आहे. आणि वेल्डिंगच्या शेवयांचं काय केलंत?

काटेवाला_भोसरी
एडीएस१२५६. सेकंदाला ३०,००० पर्यंत जातो, मी १००० वर चालवतो. दोन प्लेटा, दोन चॅनेल. चॅनेल बदलताना त्याला सेटल व्हायला वेळ लागतो तेवढा प्रोग्रॅममध्ये धरा, नाहीतर डाव्याचं थोडं उजव्यात गळतं. केबल सहा तारांची घ्या, सेन्सच्या तारांसकट, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. पॉवर सप्लाय मोबाइल चार्जरचा नको, बॅटरी लावा. आणि प्लेटांखालची जमीन ओळंब्यानं नाही, लेव्हल बाटलीनं बघून घ्या. चारपैकी एक पाय अधांतरी राहिला तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ.

शेवया अजून आहेत. शेजारचा फॅब्रिकेशनवाला रविवारी बंद असतो, तेव्हाच मोजतो.